शिंगांचं माप: धनुष्यबाणाच्या शिकारीची नोंद पोप अँड यंगच्या वहीत कशी चढते

अमेरिकेतल्या एखाद्या गावात तुम्ही धनुष्यबाणाने व्हाइटटेल (पांढऱ्या शेपटीच्या) हरणाचा मोठा नर मिळवलात, तर त्याचं वजन सहसा कुणी विचारत नाही. पहिला प्रश्न येतो, ‘स्कोअर किती?’, म्हणजे शिंगांच्या मापांची बेरीज किती? त्यावर तुम्ही अंदाजाने एखादा आकडा ठोकून दिलात, तर समोरचा ऐकून घेतो, पण मनात त्याची नोंद करत नाही. आकडा खरा धरला जातो तो प्रशिक्षित मापकाने, ठरलेल्या पद्धतीने काढलेला असेल तेव्हाच. मिडवेस्टात राहणारे आणि सहकाऱ्यांच्या संगतीने धनुष्य हाती घेतलेले आपले लोक मला या हिशेबाबद्दल विचारत असतात. त्यांच्यासाठी हे सगळं एका जागी मांडतो आहे.

वही कुणाची, हे आधी बघू. थिओडोर रूझवेल्ट आणि जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी १८८७ मध्ये बून अँड क्रॉकेट क्लब काढला. त्या काळात बायसन जवळजवळ संपला होता, आणि एल्क (मोठ्या जातीचं हरण) आणि प्राँगहॉर्न (काळविटासारखा दिसणारा प्राणी) झपाट्याने घटत होते. मोठ्या जनावरांच्या नोंदी ठेवायची सुरुवात झाली ती या भीतीतून: हे प्राणी संपलेच, तर ते कसे होते याचा पुरावा तरी मागे राहावा. क्लबची पहिली नोंदवही १९३२ मध्ये निघाली. तेव्हा मोजमाप अगदी ढोबळ होतं. शिंगाची लांबी, बुंध्याचा घेर असे दोन-चार आकडे, की झालं. १९५० मध्ये नवी गुणपद्धती आली आणि आज शिंगं मोजली जातात ती याच पद्धतीने.

धनुष्यबाणवाल्यांची वही वेगळी आहे. १९११ मध्ये कॅलिफोर्नियात ओरोव्हिल गावाजवळ ‘याही’ नावाच्या आदिवासी जमातीचा एक माणूस एकटाच पुढे आला. लोक त्याला इशी म्हणू लागले. सॅन फ्रान्सिस्कोतल्या सॅक्स्टन पोप या सर्जनने त्याच्याकडून धनुष्य आणि बाण घडवण्याची कला शिकून घेतली. १९१६ मध्ये इशी क्षयाने गेला, पण पोप आणि त्यांचे मित्र आर्ट यंग यांनी धनुष्याने मोठी शिकार करून दाखवली आणि अमेरिकेत या छंदाला पुन्हा जीव आला. या दोघांच्या नावाने ग्लेन सेंट चार्ल्स यांनी १९६१ मध्ये पोप अँड यंग क्लब उभा केला. त्या वेळी बऱ्याच राज्यांचे वन्यजीव विभाग धनुष्याला खेळणं समजत, त्यासाठी स्वतंत्र हंगाम द्यायला कां-कूं करत. बाणाने जनावर स्वच्छपणे पडतं, हे कागदावर दाखवणं क्लबला गरजेचं होतं. म्हणून नोंदींची शिस्त सुरुवातीपासूनच कडक. मोजायची पद्धत मात्र त्यांनी बून अँड क्रॉकेटचीच घेतली, आणि ते फार बरं झालं. १९५० नंतरची शिंगं, मग ती कशानेही मारलेल्या जनावराची असोत, एकाच पट्टीवर ठेवता येतात.

शिकारीला निघण्याआधी

नोंद नाकारली जाण्याची कारणं बहुतेक वेळा टेपपाशी नसतात, जंगलातच घडलेली असतात. म्हणून पहिली पायरी हंगामाआधीची.

धनुष्य हाताने धरलेलं आणि हाताने ओढलेलं हवं. लाँगबो (साधं लांब धनुष्य), रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं), कंपाउंड (टोकांना चाकं असलेलं), तिन्ही चालतात. क्रॉसबो (बंदुकीसारखं धरून घोडा दाबून सोडायचं आडवं धनुष्य) पोप अँड यंगला चालत नाही, तुमच्या राज्यात धनुष्याच्या हंगामात तो कायदेशीर असला तरीही. नवखे इथेच फसतात, कारण राज्याचा कायदा आणि क्लबचा नियम एकच असणार असं ते गृहीत धरतात. धनुष्यावर किंवा बाणावर विजेचं काही लावणार असाल, तर त्या वर्षाचे नियम क्लबकडून वाचून घ्या. उजळणारा नॉक (बाणाच्या मागच्या टोकाची, दोरीत अडकणारी खाच) आणि चित्रीकरणाचा छोटा कॅमेरा चालतो. बाकी उपकरणांबद्दल दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नका.

दुसरी गोष्ट फेअर चेसची, म्हणजे जनावराला निसटायची खरी संधी देऊन केलेल्या शिकारीची. यावर तुम्हाला पुढे प्रतिज्ञापत्रावर सही करायची आहे, म्हणून त्यात काय बसत नाही ते आत्ताच समजून घ्या. सापळ्यात अडकलेलं, खोल बर्फात रुतलेलं, पाण्यात पोहत असलेलं किंवा गोठलेल्या तळ्यावर असहाय झालेलं जनावर मारलं तर नोंद नाही. मोटारीतून किंवा इंजिनाच्या बोटीतून मारलं, वाहनाने किंवा विमानाने हाकून आणलं, रात्री प्रकाशझोतात दिपवून मारलं तर नाही. ज्यातून जनावर बाहेर पडूच शकत नाही अशा कुंपणातली शिकार नाही. बाणावर विष किंवा गुंगीचं औषध नाही. इलेक्ट्रॉनिक साधनाने जनावर शोधणं, बोलावणं किंवा त्याचा माग काढणं नाही. मित्र टेकडीवरून रेडिओवर ‘डावीकडे वळलाय’ असं सांगतोय आणि तुम्ही त्या दिशेने सरकताय, हेसुद्धा यातच येतं.

परवाना, टॅग (मारलेल्या जनावराला लावायची सरकारी चिठ्ठी), हंगामाच्या तारखा, जमीनमालकाची परवानगी यांबद्दल वेगळं सांगायला नको. कायदा मोडून मिळवलेलं जनावर कुठल्याच वहीत येत नाही.

जनावर पडल्यावर

जागेवरच फोटो काढा. टॅग लावलेला दिसू द्या, शिंगं समोरून दिसू द्या, आजूबाजूचं रान येऊ द्या. तारीख आणि काउंटी (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) त्याच दिवशी वहीत टिपून ठेवा.

मग कवटी. शिंगं काढताना कवटीचा वरचा भाग शिंगांसह एकसंध ठेवायचा असतो. घाईने मधोमध करवत मारली, की दोन शिंगांमधलं खरं अंतर कायमचं गेलं. दोन तुकडे पुन्हा जोडताना कुणीही ते अंतर वाढवू शकतं, आणि म्हणूनच बून अँड क्रॉकेट फुटकी कवटी घेतच नाही. खाटकाकडे किंवा टॅक्सिडर्मिस्टकडे (जनावरात पेंढा भरून देणाऱ्याकडे) देताना ही सूचना तोंडी न देता चिठ्ठीवर लिहून शिंगाला बांधा.

हंगामाच्या सुरुवातीला मिळालेल्या नराच्या शिंगांवर कधी कधी मखमली कातडी असते. पोप अँड यंग मखमलीसकट नोंद घेतो, बून अँड क्रॉकेट ती काढूनच मोजायला सांगतो. शिंगं दोन्ही वह्यांत जाण्याइतकी मोठी वाटत असतील, तर मखमल खरवडण्याआधी मापकाशी बोला.

रानात मेलेल्या नराची शिंगं सापडली, तर पोप अँड यंगमध्ये ती जात नाहीत, कारण जनावर बाणाने मिळवलेलं नाही. बून अँड क्रॉकेटमध्ये मात्र जातात, आणि त्यांच्या व्हाइटटेलच्या यादीत अगदी वर असलेल्या काही शिंगांना मारणारा कुणी शिकारीच नाही. मला हे फार पटतं. आकडा जनावराचा असतो. ते किती वर्षं जगलं, काय खाऊन वाढलं, त्या जमिनीत किती कस होता, याची ती नोंद असते. शिकाऱ्याचं नाव केवळ शेजारच्या रकान्यात येतं.

साठ दिवस

ताजी शिंगं ओली असतात, वाळताना आकसतात. म्हणून अधिकृत माप घेण्याआधी ती किमान ६० दिवस घरातल्या साध्या तापमानाला आणि हवेला वाळू द्यायची. कवटी फ्रीझरमध्ये ठेवली असेल, तर दिवस मोजायचे ते बाहेर काढल्यापासून. उकळून साफ केली असेल, तर भांड्यातून काढल्यापासून. अस्वलाच्या कवटीलाही हाच नियम. वाळण्याआधी काढलेल्या मापाला ग्रीन स्कोअर म्हणतात. तो मित्रांना सांगायला ठीक, अर्जावर लिहायला नाही.

घरी कच्चं माप काढणं

मापकाकडे जाण्याआधी स्वतः एकदा मोजून बघाच. पाव इंच रुंदीची लवचिक पोलादी टेप, पेन्सिल, मास्किंग टेप आणि कागद एवढं पुरतं. शिंपी वापरतो ती कापडी टेप ताणली जाते, ती नको. वळणदार लांबीसाठी मापक बारीक पोलादी केबल वापरतात. तिच्यावर क्रोकोडाइल क्लिप लावून लांबी पकडायची आणि मग केबल सरळ पट्टीवर ठेवून वाचायची. प्रत्येक माप जवळच्या अष्टमांश इंचापर्यंत लिहायचं, आणि छेद कायम आठच ठेवायचा. स्कोअरशीटवर अर्धा इंच ४/८ असाच दिसतो, कारण पुढे सगळ्या बेरजा आठाच्या छेदात करायच्या असतात.

व्हाइटटेलचं शिंग असं वाचायचं. कवटीपासून निघून पुढे वळत जाणारा मुख्य दांडा, आणि त्याच्यावर उभे फुटलेले फाटे. डोळ्यांच्या वर बुंध्यापाशी फुटतो तो पहिला फाटा, जी-१. मग क्रमाने जी-२, जी-३, जी-४. दांड्याचं टोक फाटा म्हणून गणतात, पण वेगळं मोजत नाहीत, कारण त्याची लांबी दांड्याच्या लांबीत आलेलीच असते. फाटा म्हणायचा तर तो किमान एक इंच लांब हवा, आणि टोकापासून एक इंच किंवा त्याहून खाली कुठेतरी त्याची लांबी त्या जागच्या रुंदीपेक्षा जास्त भरली पाहिजे. नाहीतर तो नुसता गाठीसारखा उंचवटा, त्याला गुण नाहीत.

दांडा मोजायचा तो बुंध्याच्या खडबडीत कंगोऱ्याच्या बाहेरच्या, सर्वांत खालच्या कडेपासून, बाहेरच्या बाजूने वळण घेत थेट टोकापर्यंत.

फाट्यांच्या मापात खरी गोम आहे ती फाटा कुठे सुरू होतो हे ठरवण्यात. समजा, जी-२ मुख्य दांड्यावर पसरट मुळाने बसलाय. तो फाटा तिथे नसताच, तर दांड्याची वरची कड कशी गेली असती, ते आधी बघायचं. त्या कडेने मास्किंग टेप ताणून धरायची आणि फाट्याच्या मुळावर पेन्सिलने बारीक रेघ ओढायची. फाट्याची लांबी त्या रेघेपासून टोकापर्यंत, बाहेरच्या वळणावरून. रेघ दोन अष्टमांश खाली गेली, की फाटा तेवढाच लांब झाला. दोन्ही बाजूंच्या चार-चार फाट्यांत मिळून असे दोन इंच फुकट पदरात पडतात, आणि किमान मर्यादेजवळचा नर तेवढ्यावर वहीत शिरतो. मापकाच्या कसोटीचं काम हेच. मी पाहिलेले चांगले मापक रेघ ओढून झाल्यावर शिंग फिरवतात, दुसऱ्या बाजूने बघतात, रेघ पुसून पुन्हा ओढतात आणि मगच टेपला हात लावतात.

घेर प्रत्येक बाजूला चार. पहिला कंगोरा आणि जी-१ यांच्यामध्ये, दुसरा जी-१ आणि जी-२ यांच्यामध्ये, तिसरा जी-२ आणि जी-३ यांच्यामध्ये, चौथा जी-३ आणि जी-४ यांच्यामध्ये. प्रत्येक वेळी त्या टप्प्यातली सर्वांत बारीक जागा शोधायची. टेप सैल धरून खालीवर सरकवा आणि आकडा सर्वांत कमी दिसेल तिथे थांबा. जी-४ नसेलच, तर चौथा घेर जी-३ आणि दांड्याचं टोक यांच्या बरोबर मध्यावर घ्यायचा. शिंगाला कितीही फाटे असोत, घेर चारच.

शेवटी दोन दांड्यांमधली आतली रुंदी. ती सर्वांत जास्त असेल तिथे मोजायची, पण तिचे गुण लांब असलेल्या दांड्याच्या लांबीपेक्षा जास्त मिळत नाहीत. एरवी आखूड दांड्यांच्या, पण ऐसपैस पसरलेल्या शिंगांना नुसत्या हवेचे गुण मिळाले असते.

आता बेरीज. उदाहरणासाठी एक काल्पनिक नर घेऊ, दोन्ही बाजूंना जी-४ पर्यंत फाटे असलेला. दांडा, फाटे आणि घेर मिळून उजवी बाजू ६४ ७/८, डावी ६३ ४/८. आतली रुंदी १७ २/८. एकूण झाले १४५ ५/८ इंच. याला ग्रॉस स्कोअर म्हणतात, आणि चहाच्या टपरीवर लोक सांगतात तो हाच. वहीत जातो तो नेट. त्यासाठी प्रत्येक डाव्या-उजव्या जोडीतला फरक काढायचा. दांड्यांत ६/८, जी-१, जी-२ आणि जी-३ मध्ये प्रत्येकी ३/८, जी-४ मध्ये ७/८, आणि चार घेरांत मिळून ३/८. सगळे फरक जोडले की ३ १/८. शिवाय या नराच्या डाव्या दांड्याला खालच्या बाजूने एक वेडावाकडा फाटा फुटलाय, २ ३/८ इंचांचा. तो नेहमीच्या ठेवणीत बसत नाही, म्हणून तोही वजा. १४५ ५/८ मधून ५ ४/८ गेले, नेट राहिला १४० १/८.

पोप अँड यंगची टिपिकल, म्हणजे नेहमीच्या ठेवणीच्या शिंगांच्या, व्हाइटटेलची किमान मर्यादा १२५ आहे, म्हणजे हा नर वहीत जातो. बून अँड क्रॉकेटच्या कायमच्या वहीसाठी १७० लागतात, तिथे तो बराच खाली राहतो.

वेडेवाकडे फाटे खूपच असतील, तर तोच नर नॉन-टिपिकल वर्गात मोजतात. तिथे ते वजा न होता बेरजेत धरले जातात, पण किमान मर्यादाही चढते: पोप अँड यंगमध्ये १५५, बून अँड क्रॉकेटमध्ये १९५. दोन बाजूंमधल्या फरकाची वजावट या वर्गातही आहेच.

या वजावटीवर पुष्कळ लोक चिडतात. जनावराने वाढवलेलं शिंग तुम्ही कापता कशाला, असा त्यांचा सवाल. सफारी क्लब इंटरनॅशनल या शिकाऱ्यांच्या आणखी एका संस्थेच्या पद्धतीत दोन बाजूंमधल्या फरकाची वजावट नाही. वैयक्तिकरीत्या मला नेट पटतो, कारण सत्तर वर्षांपूर्वीच्या नराशी आजचा नर ताडून बघायचा, तर पट्टी न बदलणं हेच महत्त्वाचं.

बाकी जनावरांबद्दल थोडक्यात. एल्कचं तत्त्व बरंचसं असंच, टिपिकलला किमान २६०. प्राँगहॉर्नची शिंगं छोटी, त्यांत लांबी, चार घेर आणि पुढे निघालेला एक फाटा, किमान ६७. अस्वलाची फक्त कवटी मोजतात. खालचा जबडा सोडून लांबी अधिक रुंदी, कॅलिपरने, सोळांश इंचापर्यंत. काळ्या अस्वलाला किमान १८.

मापक गाठणं

कच्चा आकडा मर्यादेच्या वर किंवा जवळ आला, की क्लबच्या संकेतस्थळावर आपल्या राज्यातला अधिकृत मापक शोधा. ही मंडळी प्रशिक्षण घेतलेली आणि स्वयंसेवक असतात. मोजायचे पैसे घेत नाहीत. स्वतः मिळवलेली शिंगं त्यांना स्वतः मोजता येत नाहीत. दोन्ही वह्यांत जायचं असेल, तर तो मापक दोन्ही क्लबांचा आहे का, हे फोनवरच विचारून घ्या.

जाताना कवटी स्वच्छ न्या. आपला कच्चा आकडा आधी सांगू नका, त्याला मोकळ्या डोळ्याने मोजू द्या. बाजूला बसून बघा, न कळलेलं विचारा, पण हुज्जत घालू नका. वेळ भरपूर लागतो. जाताना घरचं काही खायला घेऊन गेलात, तर ते आनंदाने खातात, एवढं अनुभवाने सांगतो.

कागदपत्रं

अर्जासोबत चार गोष्टी जातात: मापकाच्या सहीची मूळ स्कोअरशीट, तुमच्या सहीचं फेअर चेसचं प्रतिज्ञापत्र, शिंगांचे समोरून, डावीकडून आणि उजवीकडून काढलेले फोटो, आणि नोंदणी शुल्क. जंगलातला फोटो असेल तर तोही जोडा. फोटो साध्या भिंतीपुढे, शिंगांच्या उंचीवरून काढा. खालून काढलेल्या फोटोत शिंगं मोठी भासतात, आणि कार्यालयात बसलेल्या माणसाला हे पहिल्या नजरेत कळतं. पाठवण्याआधी प्रत्येक कागदाची प्रत घरी ठेवा.

कार्यालयात पुन्हा सगळी बेरीज तपासतात, फोटो आणि आकडे एकमेकांशी ताडतात. जुळलं नाही तर विचारणा येते. नोंद झाल्यावर गैरप्रकार उघड झाला, तर ती काढलीही जाते.

सर्वांत वरच्या आकड्यांसाठी आणखी एक चाळणी असते. पोप अँड यंगचा नोंदकाळ दोन वर्षांचा. त्या काळातल्या सर्वांत मोठ्या जनावरांची शिंगं मागवून घेतात आणि निवडलेल्या मापकांचं पॅनेल ती नव्याने मोजतं. जागतिक विक्रम पॅनेलशिवाय मान्यच होत नाही. १९९८ मध्ये मिशिगनमधल्या एका धनुर्धाऱ्याच्या नराबद्दल २१६ ५/८ असा आकडा देशभर गाजला. टिपिकल व्हाइटटेलचा जागतिक विक्रम तेव्हाही आणि आजही २१३ ५/८ आहे, १९९३ मध्ये कॅनडातल्या सस्कॅचेवानमध्ये मिळालेल्या नराचा. मिशिगनची ती शिंगं पॅनेलपुढे कधी आलीच नाहीत, म्हणून आकडा कितीही गाजला तरी वहीत त्याची एक ओळ नाही.

त्याउलट मेल जॉन्सन यांचा नर. १९६५ मध्ये इलिनॉयमधल्या पिओरिया काउंटीत, सोयाबीनच्या शेताच्या कडेला जमिनीवर बसून, साध्या रिकर्व्ह धनुष्याने मिळवलेला. स्कोअर २०४ ४/८. कंपाउंड धनुष्याचं पेटंट मंजूर झालं ते १९६९ मध्ये, म्हणजे त्याच्या नंतर. धनुष्यं इतकी सुधारली, तरी टिपिकल व्हाइटटेलमध्ये धनुष्याचा तो आकडा आजवर कुणी ओलांडलेला नाही. फोटो बघून भांडणारे पुष्कळ असतात, पण या नराबद्दल वाद होत नाही, कारण त्याची शिंगं टेबलावर ठेवून मोजलेली आहेत.

भारतात नेण्याबद्दल

ही शिंगं पुण्या-नागपूरच्या घरी भिंतीवर लावायचा विचार असेल, तर आधी थांबा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतात शिकार बंद आहे. वाडवडिलांच्या काळातल्या सांबराच्या किंवा गव्याच्या शिंगांनासुद्धा वनखात्याचं मालकी प्रमाणपत्र लागतं. २००३ मध्ये अशा जुन्या वस्तू जाहीर करायला १८० दिवसांची मुदत दिली होती, ती केव्हाच उलटली. परदेशातल्या कायदेशीर शिकारीची शिंगं सामानात टाकून आणणं म्हणजे विमानतळावर जप्तीला आमंत्रण. कस्टम्स आणि वन्यजीव विभागाचं लेखी उत्तर हातात आल्याशिवाय आणू नका.

नोंद मान्य झाल्यावर प्रमाणपत्र येतं. ते फ्रेमला देण्याआधी नीट वाचा. आपल्या आडनावांचं स्पेलिंग तिकडे हमखास चुकतं, काउंटीचं नाव शेजारच्या काउंटीशी बदलतं, अष्टमांश इकडचा तिकडे होतो. घरची प्रत समोर ठेवून ओळ न ओळ ताडून घ्या आणि फरक दिसला तर लगेच कार्यालयाला कळवा. काउंटीची चूक तर अजिबात सोडू नका. कुठल्या भागात किती जुने, किती मोठे नर वाढतात, हे अभ्यासणारे लोक याच रकान्यावरून माहिती घेतात.